बैलाची घुंगरमाळ, बाईच्या कमरेला

मी घुंगरमाळ बोलतेय. बोलतेय म्हणजे खरं तर वाजतेय. पण इतकी वर्षं माणसांच्या गोठ्यात, खुंटीवर आणि आता एका बाईच्या कमरेला काढल्यावर चार शब्द जोडणं मलाही जमायला लागलंय.

एक आधीच सांगून टाकते. मला मन आहे वगैरे माझा दावा नाही. चामड्याचा एक पट्टा, त्याला ओवलेली पितळी घुंगरं आणि एक बक्कल, एवढीच मी. कुणी हललं की वाजते, थांबलं की गप्प. त्यामुळे माणसं एखाद्या गोष्टीवरून एवढी रडतात का, हसतात का, हे मला नेहमी जरा लांबूनच दिसतं. लांबून बरंच नीट दिसतं.

माझा जन्म बेल्ह्याच्या बैलबाजारातला. सावळेराम नावाचा एक माणूस तिथं ताडपत्रीखाली बसून बैलांचा साज शिवायचा आणि विकायचा. कासरे, म्होरक्या, रंगीत गोंडे आणि माझ्यासारख्या माळा. त्याची एक खोड होती. गिऱ्हाईक आलं की तो आधी बैलाचं नाव विचारायचा. नाव पसंत पडलं नाही तर 'दुसरीकडं बघा राव' म्हणून पुन्हा सुई-दोऱ्यात डोकं घालायचा. दादाभाऊ आले आणि म्हणाले, "वजीर." सावळेरामनं मान हलवली आणि मी वजीरच्या गळ्यात गेले.

दादाभाऊंची वस्ती नारायणगावच्या अलीकडं, डिंभे धरणाच्या कालव्याला लागून. शेतात टोमॅटो, ऊस, थोडा कांदा. शेती ते हातानं करायचे, जीव मात्र गाड्यात असायचा. गाडा म्हणजे बैलगाडा शर्यत. आमच्या जुन्नर-आंबेगावात जत्रेला चढाचा एक घाट आखलेला असतो; बैल खालून सुटतात आणि वर निशाणापाशी पोचतात. सगळा खेळ नाक शिंकरायला लागेल एवढ्या वेळात संपतो. त्यासाठी वर्षभर बैलाला दूध, अंडी, उडदाचं पीठ, खारीक. वर तळ्यात पोहणी आणि गरम पाण्याचा शेक. घरातल्या माणसांचे एवढे लाड होताना मी पाहिले नाहीत.

तुम्हाला वाटेल, त्या धावेत मी खणखणत असेन. छे. जुंपायच्या आधी दादाभाऊ मला वजीरच्या गळ्यातून काढायचे. वजन नको म्हणायचे. वजीर धावायचा, 'भिर्रर्र' ओरडत माणसं धावायची, धुळीचा लोट धावायचा आणि मी दादाभाऊंच्या खांद्यावर लटकून बघायचे. वजीरची माळ म्हणून पंचक्रोशीत माझी ओळख होती आणि मी जन्मात एकदाही धावले नव्हते.

मग कोर्टाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या. खुराक चालूच, पण धाव नाही. वजीर उभा राहून राहून जड झाला. काही वर्षं वाट पाहून दादाभाऊंनी त्याला बेल्ह्याच्याच बाजारात विकलं. घेणाऱ्यानं माझ्याकडंही हात केला, तेव्हा दादाभाऊ म्हणाले, "ती न्हाई पावणं. जनावर देतो आमी, घुंगरू ठेवतो."

ही त्यांच्या घरातली रीत. जनावर दुसऱ्याच्या दावणीला गेलं तरी त्याच्या गळ्यातलं घरी ठेवायचं, म्हणजे घराशी त्याचं नातं राहतं. बैलाचं यावर काय मत होतं ते कुणी विचारलं नाही. तो टेम्पोत चढला आणि मी परत घरी आले.

मला दाराआडच्या खुंटीवर टांगलं गेलं. पुढं शर्यती पुन्हा सुरू झाल्या, पण तोवर दादाभाऊंचे गुडघे धरले होते आणि त्यांचा मुलगा सुदर्शन चाकणला कंपनीत शिफ्टवर जात होता. बैल सांभाळणार कोण? दादाभाऊ जत्रेला जायचे, दुसऱ्याच्या बैलांना शिट्ट्या मारून यायचे आणि आल्यावर कुणाशी फारसं बोलायचे नाहीत. मी हिरवट पडत गेले. दार उघडलं की एखादं घुंगरू भिंतीला लागून टिण् करायचं, तेवढंच माझं बोलणं.

त्या खुंटीवरून मी एक सकाळ पाहिली. ती सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

अश्विनी ही सुदर्शनची बायको, दादाभाऊंची सून. तिचं माहेर याच कालव्यावर, वर डिंभ्याच्या बाजूला, अकरा किलोमीटरवर. पण रस्त्यानं जायचं तर आधी नारायणगाव, तिथून मंचरची जीप, मग पुढं एसटी. तीही आली तर. त्या सकाळी फोन आला की तिच्या आबांच्या, म्हणजे वडील गेणभाऊंच्या छातीत दुखतंय, लगेच ये. सुदर्शन कामावर होता. दादाभाऊ मोटारसायकल घेऊन शेजारच्या गावी गेलेले आणि त्यांचा फोन घरातच चार्जिंगला. अश्विनी पिशवी भरून ओट्यावर उभी राहिली. 'गाडी बघा हो कुणाची' म्हणून सगळ्यांना फोन करत राहिली. दुपारी ती पोचली तेव्हा गेणभाऊ नव्हते.

कालव्यानं सरळ चालत निघाली असती तरी आधी पोचली असती. पण तसं निघायचं तिला सुचलंच नाही. घरची सून एकटी पायी माहेरची वाट धरते तेव्हा लोक काय समजतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दादाभाऊंना घरी आल्यावर कळलं. ते मोटारसायकलवरून उतरलेच नाहीत; कितीतरी वेळ ती तशीच चालू ठेवून अंगणात बसून राहिले.

दोनेक वर्षं गेली. अश्विनीच्या रक्तात साखर दिसायला लागली, तेव्हा नारायणगावच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला, आणि जमलं तर धावा. त्यांनी तिच्या फोनमध्ये नवशिक्यांसाठीचा धावण्याचा एक कार्यक्रम टाकून दिला. फोनमधली बाई हिंदीत सांगायची, आता धावा, आता चाला. अश्विनी उसाच्या आडोशानं, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, बांधावरून धावायची. पहिल्या दिवशी मिनिटभर धावली आणि गोठ्याचा खांब धरून उभी राहिली. मग मिनिटाची दोन झाली, दोनाची पाच झाली. फोनमधली बाई कधी रागवायची नाही, कौतुकही मोजून-मापून करायची. मला ती बरी वाटायची.

दोन-अडीच महिन्यांनी अश्विनी सलग अर्धा तास धावली. फोनमधल्या बाईनं अभिनंदन केलं. दुसऱ्या दिवशी अश्विनीनं फोन उघडला, तर बाई काहीच बोलेना. कार्यक्रम संपला होता. अश्विनी बूट घालून अंगणात नुसतीच उभी राहिली. इतके दिवस कुणीतरी सांगत होतं आणि आज सांगणारं कुणी नव्हतं.

तिच्या सासूबाई झुंबरबाई चुलीपुढून म्हणाल्या, "संपलं ना ते? मंग आता बास."

"आत्याबाई, अजून लांब धावायचंय मला."

"लांब म्हंजी? जायाचंय कुठं तुला?"

"आईकडं," ती म्हणाली.

"धावत?"

"धावत. न थांबता. परत कधी पिशवी घेऊन गाडीची वाट बघत उभं राहायचं न्हाई मला."

दादाभाऊ बशीत चहा ओतून पीत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. ती सकाळ सगळ्यांना आठवली असणार. मला तर आठवलीच.

आता अडचण बिबट्याची होती. कालव्याच्या दोन्ही अंगांना ऊस, आणि उसात बिबट्या असतो हे पाहुण्यांना सांगताना आमच्याकडं कुणी आवाजही बदलत नाही. वनखात्याची माणसं सांगून गेली होती की एकटं जाताना आवाज करत जा. आपण येतोय हे आधी कळलं की तोच बाजूला होतो. दादाभाऊ उठले, दाराआड गेले आणि इतक्या वर्षांनी मला खुंटीवरून काढलं.

चिंच लावून घासलं. चामड्याला तेल पाजलं. मधली मोठी घंटा काढून ठेवली, कारण वजनाचा त्यांचा जुना धसका. बैलाच्या गळ्याचा पट्टा बाईच्या कमरेला सैल व्हायला लागला, म्हणून आणखी भोकं पाडली आणि उरलेलं टोक आत खोचलं.

"आता सुनंला बैलाची माळ बांधा," झुंबरबाई म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"अन् बिबट्यानं धरली तर काय म्हणतील?" दादाभाऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर अश्विनी कालव्याच्या भरावावर चढली, एक हात माझ्यावर ठेवून तिनं अंदाज घेतला आणि निघाली. आणि मी धावले. डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला ऊस, आणि मी सगळ्या घुंगरांनिशी वाजत होते. फार बरं वाटलं. मन नसल्याचं मी मघाशी सांगितलं, ते त्या सकाळपुरतं जरा बाजूला ठेवा.

पण यात एक घोळ झाला, आणि तो गाडाशौकिनाच्या घरातच होऊ शकतो. दादाभाऊंना पुन्हा कुणीतरी तयार करायला मिळालं होतं. त्यांनी अश्विनीला खुराक सुरू केला. सकाळी अंडी, दूध, खारीक, उडदाच्या पिठाचे लाडू. संध्याकाळी गरम पाण्याचा शेक. तळ्यावर पोहायला न्यायचं तेवढं झुंबरबाईंनी हाणून पाडलं. सकाळी दादाभाऊ भरावावर उभे राहायचे आणि अश्विनीनं पाऊल उचललं की मागून आरोळी ठोकायचे, "भिर्रर्र! सुटायचं कसं, बाणावानी! पहिल्यालाच काढायचं, मंग कोन गाठतंय!"

अश्विनी बाणासारखी सुटायची. माझी घुंगरं एकमेकांवर आदळून नुसता कल्ला व्हायचा. सिमेंटच्या पुलापाशी पोचेपर्यंत तिचा श्वास संपायचा आणि ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहायची. अर्धा तास सलग धावणारी बाई आता दहा मिनिटांत थांबायला लागली. तिला वाटलं, आपलंच कमी पडतंय. ती रोज जायला लागली, रोज आणखी जोरात. मग एका सकाळी नडगीत अशी कळ आली की पाय टेकवेना. लंगडत घरी आली.

"मी म्हनलं नव्हतं?" झुंबरबाई म्हणाल्या आणि हळद गरम करायला ठेवली.

अश्विनी गोठ्यात जाऊन रडली. माणसांना घर असताना रडायला गोठ्यात का जावं लागतं, हे मला कळत नाही. दोन आठवडे ती अंगणात बसून टोमॅटो निवडत राहिली. आईकडं धावत जायचं नाव तिनं काढलं नाही. मी पुन्हा खुंटीवर गेले आणि मला वाटलं, झालं, एवढंच होतं माझं धावणं.

एका दुपारी दादाभाऊंनी मला मांडीवर घेतलं. आधी जोरात हलवलं, मग हळू, मग आणखी हळू. कान देऊन ऐकत राहिले. मग टोमॅटोच्या ढिगाशी बसलेल्या सुनेकडं बघून म्हणाले, "पोरी, वजीरला बेल्ह्याला कसा न्यायचो ठाऊक हाय का? पायी. सगळी वाट. तवा ही गळ्यात असायची. अन् कशी वाजायची? एकेक घुंगरू येगळं ऐकू यायचं. असं वाजलं की बैल दिवसभर चालतो. गोंधळ झाला की समजायचं, घाई झाली, आता हा बसनार."

अश्विनी ऐकत होती.

"मी तुला घाटात पळवली," दादाभाऊ म्हणाले. "तुला तर वाटंनं जायचं व्हतं. चुकलंच माझं."

सासऱ्यानं सुनेला असं म्हटलेलं मी तरी तोवर ऐकलं नव्हतं. झुंबरबाईंनीही नसावं, कारण त्या आतून दारापर्यंत आल्या आणि तशाच परत गेल्या.

पाय बरा झाल्यावर अश्विनी पुन्हा निघाली, ती अशी की बघणाऱ्याला हसू यावं. इतकी सावकाश, की शाळेच्या सायकली घंटी वाजवत पुढं जायच्या. पण माझं एकेक घुंगरू मोकळं वाजत होतं. आवाज मिसळायला लागला की ती पाय आवरायची. फोनमधल्या बाईची जागा अशी मला मिळाली. मी काही शिकवलं नाही. ती ऐकायला शिकली.

आठवड्यातून एकदा लांबची धाव, मध्ये दोनदा थोडी, बाकीचे दिवस पूर्ण विश्रांती. विश्रांतीवर दादाभाऊंचा भारी कटाक्ष. बैलाला लागोपाठ जुंपतात का, म्हणायचे. लांबची धाव हळूहळू वाढत गेली. आधी सिमेंटचा पूल, मग पंपाची खोली, मग वीटभट्टी, मग प्लॅस्टिक घातलेला द्राक्षांचा मळा. कधी एखाद्या आठवड्यात मुद्दाम मागच्याच खुणेवरून फिरायचं. गंमत अशी की जेवढं जायचं तेवढंच परत यायचं असे. त्यामुळे मळ्याच्या पुढचा कालवा आम्ही कधी पाहिलाच नव्हता. अश्विनी तिथून वर बघायची, घाम पुसायची आणि मागं फिरायची.

एकदा वीटभट्टीच्या अलीकडं उसात सळसळ झाली आणि पिवळसर काहीतरी पुढून भराव उतरून गेलं. अश्विनी थांबली नाही. त्या दिवशी माझा आवाज बराच गोंधळला आणि घरी आल्यावर दोघींनीही कुणाला काही सांगितलं नाही.

थंडी पडली, साखर कारखाने सुरू झाले, तेव्हा अश्विनी मळ्यापर्यंत जाऊन सहज परत यायला लागली होती. दादाभाऊ म्हणाले, "आता येत्या रविवारी मळ्यावरनं माघारी फिरू नको. सरळ जा."

आईला तिनं कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर सोनीबाईंनी नकोच म्हटलं असतं. निघताना झुंबरबाई बाहेर आल्या. त्यांच्या हातात शेंगदाण्याच्या लाडवांची पुडी होती. "रिकाम्या हातानं जातात व्हय माहेरी?" असं म्हणून त्यांनी ती अश्विनीच्या ओढणीत घट्ट गाठीला बांधली. अकरा किलोमीटर धावणाऱ्या बाईला लाडू बांधून देणारी सासू मी तेव्हाच पाहिली.

पुलापर्यंत, पंपापर्यंत, वीटभट्टीपर्यंत काहीच वाटलं नाही. मळा मागं पडला आणि नवा कालवा सुरू झाला. तिथं रस्ता फुटलेला, खडी वर आलेली. अश्विनीचा श्वास वाढला. पोटरीत गोळा आल्यासारखा तिचा पाय एकदा आखडला आणि माझा ताल चुकला. तिनं चाल कमी केली, कमी केली, इतकी की आता ही चालतेय का धावतेय हे मलाही सांगता येईना. पण थांबली नाही. माझी घुंगरं हळूहळू पुन्हा वेगळी झाली.

पुढं मागून एक मोटारसायकल आली. तिच्या माहेरच्या गावचा हौशीराम. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"अगं अश्विनी? काय झालं? बस मागं, सोडतो."

तिनं मान हलवली. बोलायला श्वास नव्हता.

"अगं बस ना! कुनी मागं लागलंय का?"

तिनं पुन्हा मान हलवली. हौशीराम थोडा वेळ शेजारून गाडी चालवत राहिला आणि मग भुर्रकन पुढं गेला. भला माणूस. पण भला माणूस बातमी घेऊन आधी पोचला तर काय होतं, ते आम्हाला गावाच्या वळणावर दिसलं. दहा-पंधरा माणसं उभी. त्यांच्या पुढं सोनीबाई, हाताला लसणाची सालं तशीच चिकटलेली.

"गेणभाऊची पोर पळत यायलीय, एकटी, कमरंला बैलाची घुंगरं बांधल्यात," एवढं हौशीरामनं सांगितलं होतं. बाकीचं गावानं जुळवून घेतलं होतं.

अश्विनी आईपुढं येऊन थांबली. मीही थांबले. "काय केलं गं त्यांनी तुला?" सोनीबाईंनी तिला दोन्ही हातांनी धरलं. "घुंगरं बांधून हाकलली? जनावरावानी?"

अश्विनीला सांगायचं होतं, पण श्वास सापडेना. ती वळणालगतच असलेल्या घराच्या ओट्याच्या पायरीवर बसली, हसायला लागली, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते पाहून गावाची खात्रीच पटली. एक बाई पदर तोंडाला लावून रडूही लागली. सोनीबाईंनी फोन काढला आणि थेट दादाभाऊंना लावला.

"पावणं, माझी पोर काय रस्त्यावर पडली व्हती का? अशी हाकलायची?"

पलीकडून दादाभाऊंचा आवाज आला, इतका मोठा की सगळ्यांना ऐकू गेला. "पोचली? पोचली का ती?"

"पोचली! पायी! घामानं भिजलीय, तोंडातनं शब्द फुटंना—"

"मधी कुठं थांबली न्हाई ना?"

सोनीबाईंनी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं पाहिलं. मग पुन्हा कानाला लावला. "हौशीराम बस म्हनत व्हता गाडीवर. बसली न्हाई."

फोनमधून अशी काही 'भिर्रर्र' आली की ओट्याखालचं कुत्रं भुंकत बाहेर पळालं.

"येडा झालाय ह्यो मानूस," सोनीबाई म्हणाल्या.

तोवर अश्विनीला श्वास सापडला. "आई, मला कुनी हाकललं न्हाई," ती म्हणाली. "मी आले. माझी मी आले."

"पन असं का, बाई? गाड्या काय मेल्यात का?"

"आबांच्या वक्ताला गाडीची वाट बघत राहिले मी." मग आईचा हात धरून, "आता तू हाक मारलीस की मी निघनार. कुनाची वाट न्हाई बघनार."

सोनीबाईंनी हाताला चिकटलेली लसणाची सालं पदराला पुसली. मग म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय? मी न्हाई मरत एवढ्यात." आणि आत जाऊन गरम पाणी घेऊन आल्या. लेकीचे बूट त्यांनीच काढले, मोजे काढले, आणि पाय परातीत घेऊन धुवायला लागल्या. अश्विनी नको नको म्हणत होती. ओढणीच्या गाठीतले लाडू फुटून भुगा झाले होते. दोघींनी तो भुगाच खाल्ला.

दुपारी दादाभाऊ आणि सुदर्शन लांबच्या रस्त्यानं मोटारसायकलवर आले. गैरसमज गेला होता, तरी सोनीबाईंच्या मनात एक सल राहिलीच होती. चहा देताना त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या, "बाकी समदं ठीक. पन लेकीच्या कमरंला बैलाची माळ, हे काय बरं न्हाई दिसत पावणं."

दादाभाऊंनी कप ठेवला. मला हातात घेतलं. खिशातला चाकू उघडला आणि माझ्या टोकाची दोन घुंगरं कापून काढली. मला दुखलं का म्हणाल, तर चामडं जुनं होतं, पटकन तुटलं.

ती दोन घुंगरं त्यांनी सोनीबाईंच्या पुढं धरली. "घ्या विहीणबाई. जनावर दिलं तरी आमी घुंगरू ठेवतो घरी. तुमी लेक दिली, तवा ठेवायचं राहूनच गेलं व्हतं."

"माझी लेक काय जनावर हाय व्हय?" सोनीबाई ताडकन म्हणाल्या.

दादाभाऊंनी जीभ चावली. सुदर्शन जमिनीकडं बघायला लागला. "तसं न्हाई, विहीणबाई," दादाभाऊ हळूच म्हणाले. "मला बोलाय येत न्हाई नीट. पन आमी बैलासाठी येवढं करतो. अन् तुमी पोटची पोर दिली आन् तुमच्याकडं काय राहिलं? कायबी न्हाई. त्या दिशी ती आमच्या ओट्यावर उभी व्हती, गाडीची वाट बघत. मी घरी न्हवतो. म्हनून म्हनतो, हे राहू द्या तुमच्याकडं."

सोनीबाईंनी पदर पुढं केला. दादाभाऊंनी त्यात दोन्ही घुंगरं टाकली.

माझं सांगायचं ते एवढंच. मी आता दोन घुंगरांनी हलकी आहे. चामडं सुरकुतलंय, बक्कल एकदा बदललंय, आणि खुंटीवर मी फक्त विश्रांतीच्या दिवशी असते. अश्विनी आणखी लांब जाण्याच्या गोष्टी करतेय. दादाभाऊ म्हणतात, आधी ऐक, मग वाढव. तुम्हाला एक विनंती आहे. कालव्याच्या भरावावर कधी सकाळी घुंगरं ऐकू आली तर हॉर्न वाजवू नका, गाडी जरा कडेला घ्या. आणि 'बस मागं' म्हणू नका. बाई संकटात नाही. तिला जायचंय तिथं ती चाललीय.

महिन्यातून एकदा आम्ही अजून वर जातो. मळा, फुटका रस्ता, मग गावाचं वळण. वळणाच्या अलीकडं घर दिसत नाही. पण माझा आवाज तिथपर्यंत पोचत असावा, कारण आम्ही वळायच्या आधीच पलीकडून टिण् टिण् ऐकू येतं. सोनीबाई दारात उभ्या राहून ती दोन घुंगरं हलवत असतात. मग अश्विनीला काही धीर धरवत नाही. ती बाणासारखी सुटते, माझा सगळा ताल बिघडतो, आणि तेवढ्यापुरतं मी दादाभाऊंना काही सांगत नाही.